पत्त्याचा रकाना

जूनचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्याकडे प्रवेशाची धांदल. मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे फॉर्म भरून द्यायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. गेल्या जूनमध्ये एक बाई आली. कडेवर तीन वर्षांची मुलगी, बोटाला सात वर्षांचा मुलगा. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव असं सगळं भरून झालं आणि एका रकान्यापाशी ती अडखळली.

"आपा, यहाँ पत्ता क्या लिखूँ?"

मी म्हटलं, "जहाँ रहते वो लिखो." ती गप्प राहिली. मग मुलानेच सांगून टाकलं, "टेशन पे रहते."

स्टेशन म्हणजे विठ्ठलवाडी. कल्याण सोडलं की कर्जतच्या दिशेला पहिलं स्टेशन. मी रोज तिथे उतरते. रोज त्या जिन्यावरून जाते. त्या दिवसापर्यंत मी त्यांना पाहिलं होतं की नाही, मला आठवत नाही. आठवत नाही याचाच अर्थ, पाहिलं असणार.

गोष्ट नेहमीचीच होती. माणसाने दुसरा संसार मांडला, भाडं थकलं, मालकाने खोली काढून घेतली. ती माहेरी जालन्याकडे गेली. भावाच्या एका खोलीत आधीच सहा माणसं. दोन महिन्यांनी ती परत आली, कारण काम इकडेच मिळेल असं तिला वाटलं.

काम मिळतंही. पण धुण्याभांड्याच्या घरी पहिल्याच दिवशी विचारतात, "राहतेस कुठे?" आणि मुलीला कुठे ठेवणार? कडेवर घेऊन फरशी पुसता येत नाही, फलाटावर सोडून जाता येत नाही. शौचालयाला पैसे पडतात, म्हणून संध्याकाळनंतर ती पाणी पीत नाही आणि मुलीलाही घोटभरच देते. रात्री मुलं झोपतात, ती बसून असते. मुलीला ताप आला तर औषध मिळतं, पण "जेवणानंतर" आणि "उकळलेल्या पाण्यातून" या सूचना तिच्यासाठी नसतात. आधार कार्डावर जुन्या खोलीचा पत्ता आहे, तिथे आलेलं पत्र तिला कोणी देत नाही. पुरुष बेघर झाला तर त्याला एक जागा शोधावी लागते. लहान मुलांच्या आईला दर तीन-चार तासांनी नवी जागा शोधावी लागते: दूध गरम करायला, लंगोट वाळवायला, मुलीला आडोशाला न्यायला, झोपवायला.

मी फोनाफोनी केली. स्त्रियांच्या एका आधारगृहातून पहिला प्रश्न आला, "मुलगा किती वर्षांचा?" मी म्हटलं, सात पूर्ण. "मग वर्षभर राहील आईजवळ. आठ झाल्यावर त्याला मुलांच्या गृहात पाठवावं लागेल." दुसरा फोन मी आपल्या समाजाच्या एका यतीमखान्यात लावला. तिथे उत्तर आणखी सरळ होतं. "मुलाला आणून सोडा, बाईंची सोय नाही."

दोन्हीकडची माणसं सभ्य होती. नियमच तसा होता. पण त्या रात्री मला झोप आली नाही. छत हवं असेल तर मूल सोड, मूल हवं असेल तर छत सोड, हा नियम आला कुठून? या लेखात मी तेच शोधायचा प्रयत्न केला आहे.

पुणे, 1863

महाराष्ट्रात एकट्या आईसाठी उघडलेल्या दाराची गोष्ट फुल्यांच्या घरापासून सुरू होते. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा पुण्यात स्वयंपाकाचं काम करत होती. फसवणुकीतून ती गरोदर राहिली. बाळ जन्मलं आणि लोकलाजेच्या भीतीने तिने ते मारलं. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्याने फसवलं तो गावातच राहिला.

या घटनेने हादरून 1863 साली जोतिराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्याची जाहिरात करणारी पत्रकं पुण्यात लावली गेली. विधवांनी इथे येऊन सुरक्षित बाळंत व्हावं, असं त्यांत सांगितलं होतं. पुढची अट मला फार महत्त्वाची वाटते: मूल सोबत न्यायचं की इथे ठेवायचं, हे आईच्या खुशीवर सोपवलं होतं. 1884 मध्ये फुल्यांनी सरकारला लिहिलेल्या निवेदनानुसार तोवर 35 गरोदर स्त्रिया त्या घरात येऊन गेल्या होत्या. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत. त्याला फुले दांपत्याने दत्तक घेतलं आणि तो पुढे डॉक्टर झाला.

म्हणजे महाराष्ट्रातल्या या पहिल्या निवाऱ्याने आईला बाळ सोडायला भाग पाडलं नव्हतं. निर्णय तिचा होता.

हे शहाणपण फुल्यांकडे आलं कुठून? एक कारण मला दिसतं. ते दोघंही कधीकाळी स्वतः घराबाहेर काढले गेले होते. मुलींना शिकवल्याच्या रागातून समाजाने गोविंदरावांवर दबाव आणला आणि 1849 मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं. तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आपल्याकडे जागा दिली. फातिमा शेख यांचं नाव आपण या नात्याने घेतो. सावित्रीबाईंनी ऑक्टोबर 1856 मध्ये नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाच्या कष्टांची काळजी केली आहे. आपण जयंतीला या नात्याचे फलक लावतो, पण त्यातला साधा व्यवहार विसरतो. एका मुसलमान घराने बेघर झालेल्या एका जोडप्याला खोली दिली. पुढे त्या जोडप्याने बेघर होणाऱ्या आयांना खोली दिली.

त्यानंतर पंडिता रमाबाई आल्या. दुष्काळात आई-वडील गमावून पायी वणवण केलेल्या. फेब्रुवारी 1882 मध्ये त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी वारले तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. लेकीला घेऊन त्या पुण्याला आल्या. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. त्यांच्या धर्मांतरावरून झालेले वाद आपल्याला तोंडपाठ असतात. ही संस्था एका एकट्या आईने उभी केली, हे मात्र आपल्या सहसा लक्षात येत नाही.

ज्या जमिनीवर आपण उभे आहोत

आता विठ्ठलवाडीला परत येऊ. स्टेशनाच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. उल्हासनगर हे बेघरांनी वसवलेलं शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ होता. युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदूंना या बराकींमध्ये उतरवलं. सिंधमध्ये पंजाबइतकी कत्तल झाली नाही, पण जानेवारी 1948 मधल्या कराचीच्या दंगलीनंतर तिथे थांबायची उमेद संपली. बोटी भरभरून लोक मुंबईला आले. कल्याणच्या छावण्यांमध्ये लाखाच्या आसपास माणसं राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथल्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. "कॅम्प नंबर चार", "कॅम्प नंबर पाच" असे पत्ते आजही रिक्षावाल्याला सांगितले जातात. छावणीचा पत्ता शहराचा पत्ता झाला.

त्या काळात देशभरच्या छावण्यांमध्ये एक वर्ग वेगळा काढला गेला. ज्या बायकांचे पुरुष मारले गेले, हरवले किंवा मागे राहिले, त्यांच्यासाठी पुनर्वसन मंत्रालयात स्त्री विभाग होता. रामेश्वरी नेहरू तो पाहत. सरकारी कागदांत या बायकांना म्हणत "अनअटॅच्ड वुमेन", म्हणजे कोणाशीच न जोडलेल्या स्त्रिया. एक मूल कडेवर, एक पदराला धरून, एक मागे रडत येणारं, आणि कागदावर ती "कोणाशीच न जोडलेली"! पुरुषाशी जोडलेली असेल तरच ती जोडलेली.

पण या विभागाने मोलाचं कामही केलं, हे मान्य करायला हवं. सरकारने या बायकांची जबाबदारी स्वतःची मानली. त्यांच्यासाठी गृहं काढली, शिवण आणि इतर कामांची प्रशिक्षणं दिली, मुलांच्या शिक्षणाची सोय केली. बेघर आई ही दानधर्माची गोष्ट नसून राज्याचं कर्तव्य आहे, असं स्वतंत्र भारताने पहिल्या दोन वर्षांत मानलं होतं. पैसा तेव्हा आजच्यापेक्षा किती कमी होता, याचा विचार करून पाहा.

दिल्लीत त्याच वेळी हुमायूनचा मकबरा आणि पुराना किल्ला इथे मुसलमान निर्वासितांच्या छावण्या होत्या. तिथे बेगम अनीस किदवई काम करत होत्या. ऑक्टोबर 1947 मध्ये मसुरीत त्यांचे पती शफी अहमद किदवई यांची हत्या झाली. दुःख घेऊन त्या गांधीजींना भेटल्या आणि गांधीजींनी त्यांना छावणीतल्या माणसांत जायला सांगितलं. "आज़ादी की छाँव में" हे त्यांचं उर्दू पुस्तक या दिवसांबद्दल आहे. मी बीएडला असताना ते पहिल्यांदा वाचलं. स्वतः नुकतीच विधवा झालेली बाई इतर बायकांची मुलं मोजत फिरते, हे चित्र तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही.

आणि याच काळात तो नियम कायद्यात दिसतो, ज्याने माझी झोप उडवली. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी 1949 चा कायदा झाला. त्याच्या व्याख्येत 1 मार्च 1947 नंतर अशा स्त्रीला झालेलं मूलही येत होतं. हे मूल कोणत्या देशाचं, कोणत्या धर्माचं, कोणाच्या घरचं, यावर दोन्ही देशांत खल झाला. स्त्रीला परत घ्यायला कुटुंब एकवेळ तयार होई, तिच्या मुलाला मात्र नाही. अनेक आया मूल मागे ठेवून आल्या. उर्वशी बुटालिया यांनी, तसंच रितू मेनन आणि कमला भसीन यांनी 1998 मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकांत या कहाण्या नोंदवल्या आहेत. 1863 मध्ये फुल्यांनी आईच्या खुशीवर सोडलेला निर्णय 1949 मध्ये तिच्या हातातून गेला होता.

पाच, दोन, आठ

पुढचा इतिहास मी वयाच्या आकड्यांतून सांगते, कारण कायद्याने तो तसाच लिहिला आहे.

पहिला आकडा पाच. 1959 मध्ये मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. भीक मागणारा कोण, याच्या व्याख्येत असा माणूसही बसवला, ज्याच्याकडे उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी राहतो किंवा भटकतो. म्हणजे स्टेशनवर मुलं घेऊन बसलेली आई, हात पसरला नाही तरी, या व्याख्येत येऊ शकते. तिला ठेवून घेतलं तर तिच्या मुलाचं काय? स्वतःचं मूल पाच वर्षांखालचं असेल तर आईसोबत ठेवता येईल. पाच झाली की त्याचा मार्ग बालकांच्या कायद्याने वेगळा. दिल्लीत उच्च न्यायालयाने 8 ऑगस्ट 2018 रोजी या कायद्याच्या भीक मागणं हाच गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. ज्या मुंबईच्या नावाने कायदा जन्मला, तिच्या राज्यात तो टिकून राहिला.

दुसरा आकडा दोन, आणि तो आपल्या घरातला आहे. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. दलवाईंच्या सगळ्या मतांशी आपण सहमत असू वा नसू, पण त्या सात जणींचा प्रश्न खरा होता: एका शब्दाने घर जातं, मग मुलांना घेऊन जायचं कुठे? 1985 मध्ये शाहबानो प्रकरणाचा निकाल आला, त्यावर वादळ उठलं आणि 1986 चा कायदा झाला. त्या कायद्यात, घटस्फोटित आई मुलांना स्वतः सांभाळत असेल तर बापाने त्यांच्यासाठी तजवीज करायची ती मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. दोन वर्षं! त्या वेळी रस्त्यावर उतरलेल्या आपल्या समाजाने या दोनच्या आकड्यावर किती चर्चा केली? माझ्या लहानपणी घरात या विषयावर तावातावाने बोलणारे पुरुष मला आठवतात. मुलांच्या दुधाबद्दल बोलणारं कोणी आठवत नाही. शेवटी 1997 मध्ये नूर सबा खातून यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुलांचा पोटगीचा हक्क स्वतंत्र आहे आणि तो दोन वर्षांवर संपत नाही. 2019 च्या तिहेरी तलाक कायद्याने अल्पवयीन मुलांचा ताबा आईला मिळण्याचा हक्क दिला. ताबा मिळालेली मुलं घेऊन रात्री झोपायचं कुठे, यावर तोही कायदा गप्प आहे.

घराच्या हक्काचा खरा कायदा 2005 चा, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा. कोणत्याही धर्माच्या स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा, किंवा तशीच दुसरी जागा वा भाडं मागण्याचा मार्ग त्यात आहे. पण हा कायदा चालतो तो घर असेल तेव्हा. नवरा भाड्याची खोली सोडून निघून गेला असेल तर ती हक्क मागणार कोणत्या भिंतीवर?

तिसरा आकडा आठ. निराधार स्त्रियांसाठीच्या केंद्राच्या स्वाधार गृह योजनेत आईसोबत मुलगी 18 वर्षांपर्यंत राहू शकत होती, मुलगा फक्त आठपर्यंत. त्यानंतर त्याला बालगृहात पाठवायचं. कारण कळतं. एकाच छताखाली अनेक स्त्रिया आणि मुली राहतात, मोठे होणारे मुलगे नकोत. पण त्या कारणावर उपाय म्हणजे एका कुटुंबाला एक वेगळी खोली. तो महाग पडतो, म्हणून मुलाला आईपासून काढणं स्वस्त ठरतं. आठ वर्षांचं मूल तिसरीत असतं. तिसरीतल्या मुलांना मी रोज पाहते. पट्टी हरवली तरी ती रडतात.

भायखळ्याच्या बायका

या इतिहासात एक पान वेगळं आहे आणि ते फार लांबचं नाही. जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या आदेशाने मुंबईच्या फुटपाथवरची कुटुंबं हटवायला सुरुवात झाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं मान्य केलं, पण फुटपाथ मोकळे करायला मुभाही दिली, फक्त पावसाळा उलटेपर्यंत थांबा म्हणून.

त्या वेळी भायखळ्यात स्पार्क ही संस्था नुकतीच सुरू झाली होती. 1985 मध्ये तिने फुटपाथवरच्या सुमारे 6 हजार कुटुंबांची मोजणी केली. 1986 मध्ये तिथल्याच बायकांची महिला मिलन संघटना उभी राहिली. त्यांच्यात मुस्लिम बायका मोठ्या संख्येने होत्या. लिहिता-वाचता येणाऱ्या थोड्या. रोज रुपया-दोन रुपये बचत, अडीनडीला आपसातच कर्ज. घर म्हणजे कसं हवं, हे त्यांनी स्वतः ठरवलं, चौदा फूट उंचीच्या, वर माळा असलेल्या खोलीचं कापडी मॉडेल उभारून लोकांना दाखवलं. पुढे मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं.

या बायकांनी निवारागृह मागितलं नाही. त्यांनी घर मागितलं. निवाऱ्यात बाई एक खाट असते आणि मूल दुसरी खाट, किंवा दुसरी इमारत. घरात आई आणि मूल एकच असतात. फुल्यांच्या घरानंतर इतक्या वर्षांनी मुलांसकट राहण्याचा निर्णय पुन्हा आईच्या हातात आला, आणि तो तिने स्वतः घेतला होता.

हिशेब

28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेने बेघर माणसं मोजली. देशात 17 लाख 73 हजार, महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांवर. मूल घेतलेली आई अशा रात्री सगळ्यात आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात असते, कारण दिसणं तिच्यासाठी धोक्याचं. जी लपते ती मोजली जाईलच असं नाही.

2010 साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असं सांगितलं आणि 2013 पासूनच्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात तेच प्रमाण आलं. एका निवाऱ्यात किमान 50 माणसं, माणशी 50 चौरस फूट. कुटुंबांसाठी वेगळ्या निवाऱ्याची तरतूदही त्यात आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या 12 लाख 47 हजार, उल्हासनगरची 5 लाख 6 हजार. म्हणजे विठ्ठलवाडीच्या दोन्ही अंगांना मिळून 17 निवारे हवेत, आणि त्यातले काही तरी आई आणि मुलांनी एकत्र राहण्याचे. आपल्या नगरसेवकाला हा भागाकार करून दाखवायला काही हरकत नाही. चौथीचं गणित आहे.

आता आपल्या समाजाचा हिशेब. आपल्याकडे यतीम म्हणजे ज्याचे वडील वारले तो. आई जिवंत असली तरी तो यतीमच. त्यामुळे आपल्या यतीमखान्यांत अशी कितीतरी मुलं असतात, ज्यांना आई असते आणि ती ईदला भेटायला येते. आपण मुलाला जेवण, कपडे, तालीम देतो. याचं सवाब मोठं आहे, मी ते कमी लेखत नाही. पण एका मुलावर वर्षभर होणारा खर्च त्याच्या आईच्या हाती भाडं म्हणून दिला, तर मूल तिच्या कुशीत वाढेल, असा विचार आपण का करत नाही? हनफी फिकहमध्ये हिजानत, म्हणजे मूल सांभाळण्याचा हक्क, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईचा मानला आहे. आईचा हा हक्क खोलीच्या भाड्यासाठी बुडावा, असं कोणत्या किताबात लिहिलं आहे? कुरआनच्या सूरह तलाकमध्ये इद्दतीत स्त्रीला घराबाहेर काढू नका, स्वतः राहता तिथे तिला ठेवा, असा हुकूम आहे. जकातीचे आठ हकदार सांगितले, त्यात पहिले दोन फकीर आणि मिस्कीन. आणि जकात फक्त रमजानमध्येच द्यावी असं बंधन नाही. भाडं दर महिन्याला द्यावं लागतं.

हज किंवा उमरा करून आलेल्या माणसाला विचारा, सफा आणि मरवाच्या मध्ये तुम्ही सात फेऱ्या का मारल्या? तो सांगेल, बीबी हाजरांची सुन्नत. तान्हं बाळ, संपलेलं पाणी, माणूस नाही, छप्पर नाही, आणि दोन टेकड्यांमध्ये धावणारी एकटी आई. जगभरचे राजे आणि मजूर तिच्या पावलांवरून चालतात. पण त्या कथेचा पुढचा भाग आपण कमी सांगतो. सहीह बुखारीतल्या हदीसनुसार जमजम सुरू झाल्यावर जुरहुम टोळीचे लोक तिथे आले आणि त्यांनी हाजरांची परवानगी मागितली, आम्ही इथे राहू का? त्या म्हणाल्या, राहा, पण पाण्यावर हक्क माझा. मक्का शहर एका बेघर आईच्या परवानगीने वसलं. तिच्यापासून इस्माईलना कोणी वेगळं केलं नाही.

रकाना

शेवटी त्या फॉर्मचं काय झालं, ते सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार कागद नाही म्हणून मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. मी पत्त्याच्या रकान्यात लिहिलं, "विठ्ठलवाडी रेल्वे स्टेशन, पूर्व". कोणी काही म्हटलं नाही. त्या मुलाने वरून वाचलं आणि विचारलं, "टीचर, हमारा भी पत्ता है?"

जुलैमध्ये आम्ही पाच-सहा शिक्षिकांनी आपापल्या जकातीतून डिपॉझिट जमवलं. कल्याण पूर्वेला चाळीत एक खोली मिळाली. पत्र्याची, पण दाराला आतून कडी आहे. मुलीला आता बालवाडीत सोडून ती तीन घरची कामं करते. मुलगा गेल्या डिसेंबरात आठ वर्षांचा झाला. त्या दिवशी तो शाळेत आला, डब्यात आईने केलेला शिरा होता, आणि सगळ्या वर्गाला पुरावा म्हणून त्याने तो चिमूट चिमूट वाटला. आधारगृहात असता तर त्याच दिवशी त्याची आईपासून रवानगी झाली असती, हे त्याला माहीत नाही. माहीत होऊ नये.

खोलीचा करार अकरा महिन्यांचा आहे. तो येत्या जूनमध्ये संपतो. मालकाने भाडं वाढवून मागितलं आहे, आणि प्रवेशाचे नवे फॉर्मही छापून आले आहेत.